आधी कुणाची भांडी

आक्का भांडं घासायच्या आधी त्याचा वास घ्यायची. पातेलं दोन्ही हातांनी नाकाशी न्यायची, एकदा हुंगायची आणि मगच राखेत हात घालायची. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा मला हा प्रकार किळसवाणा वाटला होता. आठ दिवसांत त्यातलं मर्म कळलं. "काल दूध नासलं व्हय?" ती खाली मान घालून विचारायची. किंवा, "सायबांनी आमटी सोडली जनू. मीठ लई झालतं." मी तिला काही सांगितलेलं नसायचं. सांगायची गरजच नसायची. एकदा मी म्हटलं, नाही गं, सगळं संपलं काल, छान झाली होती आमटी. तेव्हा तिने पातेलं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "मानूस खोटं बोलतंय, बाई. भांडं न्हाई बोलत."

ती रोज पहाटे कसबा बावड्याहून चालत यायची. उंच, काटकुळी, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, हातावर कोपरापर्यंत गोंदण. डोक्यावर खरकट्याची रिकामी बादली आणि बादलीत राखेचा डबा. ही राख साधी नव्हती. तिच्या दिराचं बावड्याला गुऱ्हाळ होतं. तिथे रस आटवायच्या काहिलीखाली उसाची वाळलेली चिपाडं जळायची, त्यांची राख आक्का जुन्या लुगड्यातून दोनदा चाळून घ्यायची. ती पिठासारखी मऊ लागायची. आमच्या चुलीतली राख तिने कधी वापरली नाही. "ही राख न्हवं, खडी हाय," म्हणायची. पुढे घरात गॅस आला, स्टीलची भांडी आली, दुकानातली पावडर आली. पावडरीच्या पुडीचाही तिने एकदा वास घेतला आणि पुडी परत कोनाड्यात ठेवली. तेवढ्यात त्या पावडरीचा निकाल लागला.

कामाला तिचा क्रम होता आणि तो मोडलेला तिला खपायचा नाही. आधी दुधाची भांडी, मग तांबे-पेले, मग ताटं-वाट्या, आणि तवा-कढई सगळ्यांत शेवटी. "दुधाच्या भांड्याला आमटीचा हात लागला की दूध रुसतंय." घासून झालं की सगळं वेताच्या बुट्टीत पालथं घालायची, मोठ्यावर लहान, लहानावर अगदी लहान. त्या उतरंडीला मी हात लावलेलाही तिला आवडायचं नाही. वीस वर्षं मी शाळेत शिकवते आहे. इतका नेमका क्रम फार थोड्या शिक्षकांकडे पाहिला.

असो. तिच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहायला हवं. मला तिच्यापायी डॉक्टरीणबाईंचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगली दहा वर्षं वाटला.

डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या शेजारीण. आमच्या दोन घरांचं परसू एकच होतं, मध्ये कमरेएवढी भिंत, आणि दोन्ही मोऱ्या समोरासमोर. त्यांच्या घरात माणसं दोन, त्या आणि डॉक्टर. मुलगा शेखर अमेरिकेत. त्यांना सकाळी कुठे जायचं नव्हतं. मला सव्वासातला शाळेत हजर राहावं लागे, त्याआधी दोन मुलांचं आवरून यांचा डबा भरायचा असे. तरीही आक्का सकाळी सहाला आधी त्यांच्या मोरीत बसायची. भांडी घासत घासत त्यांच्याशी बोलायची, चहा घ्यायची, कधी हसायचीही. साडेसहाला भिंतीला वळसा घालून माझ्याकडे यायची. तोवर मी कढई स्वतः विसळून भाजी टाकलेली असायची आणि माझं डोकं फिरलेलं असायचं.

त्यांना ती "वयनी" म्हणायची आणि मला "बाई". हेही मला डाचायचं. दहा वर्षं एका घरात भांडी घासल्यावरही त्या घरची ती 'बाई'च राहते का? मी एकदा सरळ सांगून पाहिलं, आक्का, माझी शाळा असते, आधी इकडे येत जा. ती "व्हय की," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सहाला त्यांच्याच मोरीत दिसली. मग मी फुगून बसले. भांडी करपवायची माझी सवय काही सुटली नाही. एकीकडे पोळ्या, एकीकडे दुधाचं पातेलं, मध्ये मुलीच्या वेण्या, आणि संध्याकाळी वह्या तपासत बसलं की आमटी लागलीच म्हणून समजा. रात्रीची भांडी आम्ही परसातल्या मोरीत ठेवायचो. करपलेल्यात पाणी घालून ठेवा, एवढं एक काम मी यांना सांगून ठेवलं होतं. सकाळी भांडी भिजलेली असायची. आमच्या यांना एवढी तरी एक घरकामाची सवय आहे, असं मी माहेरीही अभिमानाने सांगितलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी शेखरचं पत्र आलं आणि भांड्यांचं यंत्र आमच्या परसात शिरलं. म्हणजे नुसतं बोलण्यात. डॉक्टरीणबाई मुलाची पत्रं भिंतीपाशी उभ्या राहून वाचत, आवाज असा की वाचन माझ्यासाठीच आहे याबद्दल शंका राहू नये. शेखरच्या घरात म्हणे ओट्याखाली कपाटाएवढं यंत्र होतं. आत दोन जाळ्या, ड्रॉवरसारख्या पुढे ओढायच्या, भांडी लावायची, दार लावून बटण दाबायचं. नळाचं गरम पाणी आपोआप आत येतं. तासाभरात भांडी धुऊन होतात आणि आतली तापलेली तार ती सुकवूनही देते. "भांडी पुसायचीसुद्धा नाहीत, कुमुद," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वा. आणि त्याच दिवशी शाळेतून येताना पोस्टातून परदेशी पत्राचा कागद घेऊन आले.

माझी थोरली बहीण जर्मनीत होती, मेहुणे तिथल्या कारखान्यात इंजिनिअर. ताईला मी चार ओळींत विचारलं की तुझ्याकडे भांड्यांचं यंत्र आहे का, असेल तर सविस्तर लिही. नसेल तर काय, ते मी लिहिलं नाही. तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. यंत्र होतं. देवच पावला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आक्का माझ्या मोरीत बसली होती आणि डॉक्टरीणबाई भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होत्या. मी पत्र घेऊन पायरीवर बसले आणि त्यांच्याइतक्याच मोठ्याने वाचलं. ताईचं यंत्र अरुंद होतं, आतून सगळं स्टीलचं. ते थंड पाणी घेई आणि स्वतःच तापवी. तिकडचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, म्हणून यंत्राच्या पोटात मीठ भरून ठेवावं लागे. पाणी मात्र अगदी थोडं लागे.

आक्काचे हात थांबले. "मीठ? मिठाची वळख हाय तिला?" तांब्याच्या भांड्यांना ती स्वतः चिंच आणि मीठ लावायची. तिने राखेचा डबा बाजूला सरकवला आणि सून बघायला गेल्यासारखी एकेक गोष्ट विचारायला लागली. पहिला प्रश्न डॉक्टरीणबाईंना होता.

"वयनी, ती अमेरिकेची खरकट्याचं काय करती?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तिच्या तळाशी पातं असतं. शितंबितं बारीक दळून गटारात सोडून देते, हात लावायला नको.

"गटारात? आन म्हशीनं काय खायाचं?"

"तिकडे कुणाच्या दारात म्हशी नसतात, आक्का."

"मग दूध कुठनं येतंय?" डॉक्टरीणबाईंनी हातातली चादर पुन्हा झटकली. आक्का माझ्याकडे वळली. "आन जर्मनची?"

मी पत्रातलं वाचलं. तिच्या तळाशी गाळणी असते. खरकटं त्यात साठतं आणि गाळणी बाहेर काढून हाताने धुवावी लागते.

"म्हंजी बाजूला काढून ठिवती. शानी हाय."

आवाजाचं विचारलं. शेखरकडे यंत्र सुरू झालं की पलीकडच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून तो आणि त्याची बायको ते लावून फिरायला जात. ताईने लिहिलं होतं की चालू आहे की बंद, ते बघायला दाराला हात लावावा लागतो. मी हे वाक्य दोनदा वाचलं. मग वेळेचा प्रश्न आला आणि मला खोटं बोलता येईना, कारण पत्र हातात होतं. ताईच्या यंत्राला दोन तास लागत, कधी वरही.

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "दोन तास! तेवढ्यात आमची आक्का अख्ख्या गल्लीची भांडी घासेल."

'आमची' हा शब्द माझ्या बरोबर लक्षात राहिला.

"का लागत्यात दोन तास?" आक्काने मला विचारलं. मी पुढची ओळ वाचली. ती यंत्रं घाई करत नाहीत, आधी भांडी भिजवत ठेवतात, मग धुतात.

"भिजवती व्हय," आक्का म्हणाली आणि माझ्याकडे बघून थोडी हसली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मग तिने निकाल दिला. "वयनी, राग मानू नगा. तुमची अमेरिकेची ती आमच्या धाकट्या जावंवानी हाय. दुसऱ्यानं तापवल्यालं पानी आयतं घ्याचं, धा भांडी आपटत घासायची, आन साऱ्या गल्लीला ऐकवायचं. जर्मनची बरी. गप ऱ्हाती, भिजवती, खरकटं टाकत न्हाई."

त्या दिवशी मी शिरा केला. खरं म्हणजे आक्काने पुढे हेही विचारलं होतं की पितळ चालतं का, लोखंडी तवा चालतो का, आणि वाट्या पालथ्या कोण घालतं. ताईने लिहिलं होतं की पितळ काळं पडतं, तवा गंजतो, आणि वाट्या आपण नीट पालथ्या लावल्या नाहीत तर त्यांत पाणी साचून राहतं. "म्हंजी दोघीबी निम्म्या कामाच्या," आक्का म्हणाली होती. पण तेवढं मी मनावर घेतलं नाही. जर्मनी जिंकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी परसात आले, तर आक्का डॉक्टरीणबाईंच्या मोरीत बसून चहा पीत होती.

आता तिच्या म्हशीबद्दल सांगते. तिचं नाव चांदी, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून. दोन्ही घरचं खरकटं आक्का बादलीतून चांदीला न्यायची. त्या बदल्यात ती काही मागत नसे, उलट सणासुदीला तांब्याभर दूध आणून द्यायची. एकदा डॉक्टरांकडे पूजा होती, पंचवीस पानं उठली, बादली काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी आक्का मला म्हणाली, "वयनींच्या घरचं खाऊन चांदीनं काल मापभर दूध जास्त दिलं बघा." ती सहज बोलली. माझ्या मात्र ते डोक्यात शिरलं. यंत्रांच्या पत्रांनी जे जमलं नव्हतं, ते बादलीने जमेल.

पाहुणे आले तरच काढायचं असं एक मोठं पातेलं माझ्याकडे होतं. ते मी माळ्यावरून काढलं आणि चार माणसांत आठ माणसांचा भात टाकायला लागले. उरलेला सगळा बादलीत. यांनी एकदा विचारलं की भात एवढा का उरतो, तर मी म्हटलं, नवा तांदूळ आहे, फुगतो फार. आक्का बादलीत बघायची आणि ती उचलून डोक्यावर घ्यायची. सहाची वेळ बदलली नाही. मी पातेल्यात आणखी एक वाटी वाढवली.

दोन महिने हे चाललं. मग आक्का लागोपाठ दोन दिवस आली नाही. असं कधी झालं नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही ती हळदीच्या हातांनी कामावर आली होती. तिसऱ्या दिवशी बावड्याची भाजीवाली दारावर आली, तिने सांगितलं की आक्काची म्हैस फुगली आहे, जगते की मरते असं झालं आहे. काय खाल्लं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "काय की. शिजल्याल्या अन्नानं फुगली म्हनत्यात."

रविवारी मी शहर बसने बावड्याला गेले. यांना म्हटलं, मैत्रिणीकडे जाते. बस साखर कारखान्याच्या बाजूने जाते, उसाच्या गाड्या रस्त्याभर लागलेल्या होत्या, सगळीकडे गोडसर आंबूस वास. मला त्या वासाने भाताचीच आठवण होत होती. आक्काच्या घराशी चार-पाच बायका जमल्या होत्या. मला बघून आक्का उठली, पदर सारखा केला आणि त्यांना म्हणाली, "ह्या आमच्या शाळंच्या बाई." तिच्या आवाजातला तोरा ऐकून मी चकित झाले. लगेच कुणीतरी घोंगडं अंथरलं, एकीने तांब्या पुढे केला. 'बाई' हा शब्द मी दहा वर्षं उगाच हलका धरून बसले होते.

चांदी गोठ्यात उभी होती. डावी कूस अजून तट्ट होती. गुरांच्या डॉक्टरांनी येऊन सुई घालून हवा काढली होती, आणि आक्काने बांबूच्या नळकांड्यातून गोडं तेल आणि हिंग पाजलं होतं. आता धोका टळला होता, पण दूध आटलं होतं. बायका गेल्या. आक्का म्हशीच्या पोटावरून हात फिरवत राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"बाई, तुमचं मोठं पातेलं दोन म्हैनं रोज घासाया येतंय. घरात खानारी चार. त्यात दोन पोरं चिमनीवानी खानारी."

मी म्हटलं, तांदूळ नवा होता.

"भांड्याचा वास घेतो मी. तांदूळ जुना हाय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "कशापायी केलंसा?"

मी शाळेत शंभर मुलींना खरं बोलायला लावते. त्या गोठ्यात मला ते स्वतःला करावं लागलं. मी सांगितलं की तू रोज आधी तिकडे जातेस, मला शाळा असते, सांगूनही ऐकत नाहीस, म्हणून म्हटलं बादली भरलेली दिसली तर आधी माझ्याकडे येशील. बोलताना मला माझाच आवाज तिसरीतल्या मुलीसारखा वाटला.

आक्काने चांदीच्या अंगावरच्या माश्या हाकलल्या. मग म्हणाली, "कोन म्हनलं मी आधी तिकडं जातो?"

मी म्हटलं, मी रोज डोळ्यांनी बघते.

"तुमी सहाला बघताय. मी पावनेसहाला येतो. पैल्यांदा तुमच्याच मोरीत जातो. तुमचं रोज काय ना काय करपल्यालं. पानी ओततो, मूठभर राख टाकतो, भिजत घालतो. मग वयनींकडं जातो. त्यांचं काय, दोन मानसांची भांडी, कवाबी घासावी. तवर तुमचं सुटतंय. न्हाईतर तुमची भांडी घासाया मला आठ वाजतील, आन तुमची शाळा बुडंल की."

"पाणी तर आमचे हे घालतात," मी म्हटलं.

"सायब?" आक्काला हसू आवरेना. "सायब घोरत असत्यात. परसात ऐकू येतंय."

दहा वर्षं मी पहिली होते आणि दहा वर्षं जळत होते. आणि पहिली होते तीही कशामुळे, तर करपवते म्हणून. आक्काने मला तसंच सोडलं नाही. मी निघताना म्हणाली, "आन तिकडनंबी चळतभर पोळ्या येत्यात रोज, तुमचा भात सुरू झाल्यापास्नं. तुमी दोघी मिळून माझी म्हस मारताय की."

घरी आल्यावर मी यांना विचारलं की रात्री भांड्यांत पाणी कोण घालतं. हे म्हणाले, "तूच ना? मला वाटलं, मी विसरतो म्हणून तू घालतेस."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी गोडेतेलाची बाटली घेऊन उभी होते, चांदीसाठी. पलीकडे डॉक्टरीणबाई हिंग आणि सुंठीची पुडी घेऊन उभ्या होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही तुळशीबद्दल बोललो. आक्काने दोन्ही वस्तू घेतल्या आणि म्हणाली, "आता औषदानं मारू नगा." त्या दिवसापासून तिच्या बादलीत शिजलेलं अन्न घालायला बंदी झाली. फक्त भाजीची देठं, साली आणि तांदळाचं धुवण. ती बंदी तिने शेवटपर्यंत पाळायला लावली. मोठं पातेलं माळ्यावर गेलं.

हेवा गेला का? नाही. अशा गोष्टी माहिती मिळाली म्हणून जात नाहीत. सहाला ती त्यांच्या मोरीत हसली की मला अजूनही टोचायचं. फरक इतकाच पडला की मी कधीकधी पावणेसहाला मागचं दार किलकिलं करून बघायची. ती यायची, माझं पातेलं उचलायची, हुंगायची, मान हलवायची आणि राखेची मूठ टाकायची. मग मी दार लावून घ्यायची.

पुढे डॉक्टर गेले. ऐंशीनंतर शेखर येऊन आईला घेऊन गेला. निघायच्या दिवशी आक्काने डॉक्टरीणबाईंना राखेची पुडी दिली, तीन कागदांत बांधलेली. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ती उघडून विचारलं की ही कुणाची राख. शेखरचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कसबा बावड्याची. हे त्यांनीच मला पत्रात लिहिलं. त्या पत्रात यंत्राबद्दलही होतं. सगळी भांडी आधी हाताने विसळून मगच यंत्रात लावावी लागतात, नाहीतर हळद चिकटून बसते. "म्हणजे धुऊन ठेवायची, मग ते धुतं. आक्काला सांग, तिचं खरं होतं," असं त्यांनी लिहिलं होतं. मला आनंद झाला, लपवत नाही. पण खाली आणखी एक ओळ होती. दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा त्या ते यंत्र लावून जवळ बसतात, निदान कुणीतरी भांडी आपटतंय असं वाटतं. शेवटी लिहिलं होतं, "आता आक्का आधी तुझ्याकडे येत असेल."

मी उत्तर लिहायला बसले. ती पहिल्यापासून आधी माझ्याकडेच येत होती, हे लिहायचं फार मनात होतं. वाक्य मनात तयार होतं, लिहायला अर्धी ओळसुद्धा लागली नसती. मी लिहिलं, "हो, आता येते." आणि पत्र चिकटवून टाकलं.

आक्काचे गुडघे गेले तेव्हा तिने काम सोडलं. त्याच सुमारास दिराचं गुऱ्हाळही बंद पडलं, ऊस सगळा कारखान्याला जायला लागला आणि गुऱ्हाळाच्या जागेवर घरं उठली. शेवटची आली ती दुपारी, बसने. माझ्या दारात मी तिला पहिल्यांदाच बादलीशिवाय पाहिलं. पिशवीतून तिने दोन डबे काढले, वर कापड ताणून बांधलेले. शेवटच्या हंगामाची राख होती. "ह्यो तुमचा. ह्यो वयनींचा, अमेरिकेला धाडा." चहा घेतला, कप स्वतः विसळून पालथा घातला. निघताना उंबऱ्यात थांबली.

"मी गेल्यावर तागडीत घालू नगा. मी तोलूनच भरल्यात."

"मी कशाला तोलू?" मी म्हटलं.

ती हसली. "मानूस खोटं बोलतंय, बाई," म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरली.

त्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात ती गेली. आता माझ्याकडे एक मुलगी भांड्यांना येते, पावडरीने घासते, चांगली घासते. वास घेत नाही. डॉक्टरीणबाईंचा डबा मी अमेरिकेला जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवला, माझा अजून अर्धा आहे, देवाच्या उपकरणांपुरता काढते.

त्या दुपारी आक्का कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तशी मी आत आले, दार लोटलं आणि तराजू काढला. दोन्ही डबे दोन पारड्यांत ठेवले. काटा जरा हलला आणि मधोमध उभा राहिला. मूठभर तरी माझ्या बाजूला जास्त असेल, अशी माझी खात्री होती.